उस्तादांचा ‘हं’

आमच्या चांदमारीवर सकाळी लाल झेंडा वर गेला की माझं डोकं दुखायला लागतं. झेंडा अशासाठी, की गोळीबार सुरू होणार आहे, गुराख्यांनी टेकडीकडे फिरकू नये. डोकं कशासाठी दुखतं ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. आवाजानं असेल, असं ते म्हणतात. मला विचाराल तर आवाजाचं काही नाही, मला माझ्याच वाक्यांचा त्रास होतो. ‘श्वास कोंडू नको, अर्धा सोड.’ ‘ट्रिगर ओढू नको, दाब.’ ‘डोळा मिटू नको, गोळी तुला लागणार नाहीये.’ तुकड्या बदलतात, पोरं बदलतात, चुका त्याच राहतात आणि त्यांच्यावरची वाक्यंही तीच. कधी वाटतं, ही वाक्यं एका पाटीवर रंगवून मैदानात ठोकावीत आणि आपण घरी जाऊन झोपावं.

नाशिक सोडून दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागा संपतात तिथं, टेकडीच्या पोटात, आमच्या दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. इथून तयार झालेली पोरं-पोरी धरणांवर, वीजकेंद्रांवर, कोषागारांवर बंदूक घेऊन पहारा देतात. मी उत्तरा, इथं रायफल शिकवते. माझं माहेर पंचवटीत, भिक्षुकाच्या घरातलं. वडिलांना दिवाळीच्या टिकल्यांचा आवाजसुद्धा सोसायचा नाही आणि त्यांची मुलगी रोज सकाळी गोळ्या मोजून घेते. आता ते हसतात, पूर्वी हसायचे नाहीत.

मला रायफल शिकवली गोरक्ष उस्तादांनी. अजूनही तेच मुख्य निर्देशक आहेत, निवृत्तीला आलेले. बाकीचे निर्देशक शिकणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहून ओरडतात. उस्ताद कधी ओरडले नाहीत. पोरगा पोटावर पडून नेम धरायला लागला की हेही शेजारी मातीत तसेच पडणार. मुलगी असेल तर हातभर अंतर ठेवून. नजर टार्गेटवर नाही, शिकणाऱ्याच्या बोटावर आणि डोळ्यावर. ‘टार्गेट बघून काय कळतंय?’ ते म्हणायचे. ‘गोळी कुठं गेली तेवढं. का गेली ते हितं कळतंय, बोटापाशी.’ मग श्वास बसला, नळी स्थिर झाली, की नेमक्या त्या क्षणी घशातून हळूच म्हणायचे, ‘हं.’ गोळी सुटायची आणि मधोमध लागायची.

हळूच म्हणजे त्यांच्या मते हळूच. आयुष्यभर गोळीबारात काढल्यावर कान जायचेच, तसे त्यांचे गेले होते. त्यामुळे तो ‘हं’ कानातल्या कापसाच्या बोळ्यांतूनही आरामात पोचायचा. पोरं मेसमध्ये त्याची नक्कल करायची, तीही प्रेमानं. उस्तादांचा हं म्हणजे आमच्या केंद्राची शान. सरावात त्यांच्या हाताखालच्या पोरांइतके गुण कोणाच्याच पोरांना पडत नसत.

परीक्षेत मात्र त्यांच्याच पोरांना ते पडत नसत. परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब येतात आणि तेव्हा आम्हा निर्देशकांना गोळीबाराच्या रेषेजवळ फिरकता येत नाही. लांब पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहायचं. दर तुकडीत उस्तादांची दोन-चार हुकमी पोरं तिथं आपटायची आणि आम्ही म्हणायचो, परीक्षेला घाबरली. मागच्या तुकडीत घोटीची हर्षाली होती. सरावात तिच्यासारखी कोणी नव्हती, परीक्षेत दोन्ही वेळा नापास. दोनदा नापास झालं की घरी जायचं, हा नियम. ती निघाली त्या दिवशी उस्ताद गेटपर्यंत गेले होते. ‘हात चांगला हाय तुझा,’ ते तिला म्हणाले, ‘पण तू घाबरट हायस, पोरी.’ तिनं ट्रंक उचलली आणि एसटीत बसली.

या तुकडीत तीच पाळी योगिनीवर आली. सरावात सोनं, पहिल्या परीक्षेत माती. दुसरी परीक्षा पंधरवड्यावर होती.

योगिनी दिंडोरी तालुक्यातली, सत्तावीस-अठ्ठावीसची. नवऱ्याचं घर सोडून आईकडे परतलेली. तिची आई सिंधुबाई लोकांच्या बागांमध्ये कामाला जाते आणि योगिनीची चार वर्षांची मुलगी आजीजवळ असते. दर रविवारी सिंधुबाई नातीला घेऊन गेटवर येते. नात जाळीतून हात घालते, योगिनी तो हात धरून बसते, आणि दोघी फारसं काही बोलत नाहीत. त्या रविवारी गेटवर माझी ड्यूटी होती. योगिनी आत गेल्यावर सिंधुबाई मला म्हणाली, ‘मॅडम, एक इचारू? ही नोकरी लागंल ना तिला?’

‘अजून एक परीक्षा आहे,’ मी म्हटलं.

‘सासरचे येऊन बसत्यात ओ. म्हणत्यात, पोरीला खायला घालायची ऐपत नाय तर आमची नात आमच्याकडं द्या. नोकरी लागली तर त्यांची तोंडं बंद होत्याल. नाय लागली तर मी एकटी कुठवर पुरणार?’

मी म्हटलं, लागेल. असं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता, पण जाळीला धरून उभ्या असलेल्या त्या मुलीसमोर दुसरं काय म्हणणार होते? सिंधुबाईनं पिशवीतून द्राक्षांचा घड काढून दिला. काढणीचे दिवस होते. मी तो खोलीवर नेला आणि खाल्लाच नाही.

मंगळवारी उस्तादांची कान तपासायची तारीख होती, म्हणून ते शहरात गेले आणि योगिनी माझ्या वाट्याला आली. ती पोटावर पडली, रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला. सगळं कसं पुस्तकात दाखवतात तसं. मी वाट बघत राहिले. गोळी काही सुटेना. नळी स्थिर होती, श्वासही बसला होता, आत्ता सुटायला हवी होती, नाही सुटली. श्वास कोंडला, मान लाल झाली, नळी थरथरायला लागली, आणि मग तिनं ट्रिगर हिसडला. गोळी मागच्या मातीच्या भिंतीत कुठंतरी गेली. दुसऱ्या गोळीला तेच. तिसऱ्या गोळीलाही तेच.

‘कशाची वाट बघतेस गं?’ मी जरा तोडूनच विचारलं. माझा आवाज असाच आहे, मी असते त्याहून जास्त रागीट.

‘कशाची नाय, मॅडम.’

‘मग दाबत का नाहीस?’

‘दाबतेच की.’

मी एक हुशारी करून पाहिली. ती बागेत घडांची विरळणी करायची, म्हणजे घड दाटू नये म्हणून कात्रीनं मधले मणी काढायचं काम. मी म्हटलं, ‘तिथं कात्री कधी चालवायची हे तुला कोणी सांगतं का? नाही ना? तसंच हे.’ तिनं शहाण्यासारखी मान हलवली. पुढची गोळी बाजूच्या मुलाच्या टार्गेटला लागली. माझी हुशारी तिथंच संपली.

त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मला तिची ती लाल झालेली मान दिसत राहिली. घाबरलेली माणसं अशी नसतात. घाबरलेला माणूस घाई करतो, एकदाचं दाबून मोकळा होतो. ही तर थांबली होती. आणि मग माझ्या लक्षात आलं की हर्षालीसुद्धा परीक्षेत अशीच थांबायची. शेडमधून मी स्वतः पाहिलं होतं. बाकीच्यांच्या गोळ्या संपल्या तरी तिची पुढची गोळी सुटत नसायची, आणि आम्ही म्हणायचो, बघा, हातपाय गळाले.

दुसऱ्या दिवशी उस्ताद परत आले. योगिनीच्या शेजारी पडले, आणि तीच योगिनी, तीच रायफल, गोळ्या मधोमध. ‘हं’ आणि गोळी, ‘हं’ आणि गोळी, मधे कागद सरकणार नाही इतकं जवळ. मी मागे उभी राहून पहिल्यांदाच ते ऐकत होते. इतकी वर्षं नुसतं कानावर पडत होतं.

दुपारी उस्ताद जेवायला गेले तेव्हा मी योगिनीला परत मैदानात बोलावलं. मॅगझिन मी स्वतः भरलं, सगळ्या डमी घालून. डमी म्हणजे दिसायला हुबेहूब काडतूस, पण आत दारू नाही. ट्रिगर दाबला की नुसता टक असा आवाज होतो. शिकणारा खरंच दाबतो की हिसडतो हे बघायला आम्ही ती वापरतो. मी तिला सांगितलं, ‘नुसतं पडून राहा. मी सांगेपर्यंत काही करायचं नाही.’ ती पडली. अजून तिनं गालसुद्धा टेकवला नव्हता, नळी आपली जमिनीकडे बघत होती. मी तिच्या शेजारी पडले आणि उस्तादांसारखं घशातून म्हटलं, ‘हं.’

टक.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, मी नाय दाबला.’

‘मग कोणी दाबला?’

ती आपल्या बोटाकडे बघत राहिली. तिला रडू येतंय असं मला वाटलं, म्हणून मी घाईनं उठले आणि अमोलला हाक मारली. अमोल म्हणजे उस्तादांचा यंदाचा सगळ्यात लाडका, तोही सरावात पहिला. त्याच्यावर तोच प्रयोग केला. तोही दाबून मोकळा झाला आणि वर शपथेवर सांगायला लागला की बोट हललंच नाही.

मग मी एकटीच पडून पाहिलं. नेम धरला, श्वास अर्धा सोडला, ट्रिगर दाबला, आणि दाबण्याच्या आधी माझ्याच घशात बारीकसा ‘हं’ झाला. इतकी वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे उस्तादांच्या हाताखालून मी पास झाले ती केवळ तो ‘हं’ स्वतःच स्वतःला म्हणायला लागले म्हणून. ज्यांना ते जमलं नाही ती पोरं परीक्षेत उस्तादांची वाट बघत पडून राहिली, आणि उस्ताद शेडमध्ये माझ्याशेजारी बसून चुकचुकत होते. हे त्यांना सांगायचं कोणी? दुसरं कोणी नव्हतंच.

गोळीबार संपला की आमच्याकडे पुंगळ्या वेचायचा कार्यक्रम असतो. गोळी गेली तरी तिची रिकामी पुंगळी जमा करावी लागते, एकही हरवून चालत नाही. साहेब असो की शिपाई, सगळे उकिडवे बसून गवत चाचपतात. माझ्या गुडघ्यांना त्याचा भयंकर कंटाळा आहे. पण तिथं बोलणं सोपं जातं, कारण कोणालाच कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मी उस्तादांच्या बाजूला जाऊन बसले.

‘उस्ताद, एक बोलायचं होतं. योगिनीचं.’

‘बोल की. आज काय सुंदर मारलं पोरीनं.’

‘तुम्ही शेजारी होतात म्हणून. ती नेमावर दाबत नाही, तुमच्या हं वर दाबते. परीक्षेत हं येत नाही म्हणून थांबून राहते.’ मग मी डमीचं सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, आणि ते मला फार जड गेलं. असलं काही ओरडून सांगायचं नसतं.

ते गवतात हात फिरवत राहिले. ‘म्हंजे माझ्यामुळं पोरं नापास होत्यात?’

‘तुमच्या हं मुळे.’

‘तो काय शेजाऱ्याचा हाय का?’

मी एक पुंगळी उचलून डब्यात टाकली.

‘आन तो मी पहिल्या आठवड्यातच म्हणतो,’ ते म्हणाले. ‘हात बसला का बंद करतो. एवढं कळतं मला. तुला मीच शिकवलं, उत्तरा, आन आता तू मला शिकवाया लागली.’ ते गुडघ्यावर हात देत उठले आणि निघून गेले. त्यांच्या वाटणीचं गवतही मीच चाचपलं. शेवटची पुंगळी सापडेपर्यंत दिवस मावळला होता आणि मला स्वतःचाच राग येत होता. हे अजून गोड शब्दांत सांगता आलं असतं का, याचा विचार करत मी जेवले.

सकाळी ते आले तेच तोंड फिरवून. सगळ्यांचा गोळीबार थांबवायला सांगितला, योगिनीला पुढं घेतलं आणि मला म्हणाले, ‘मॅडम, बघा आता.’ पोरांसमोर ते मला मॅडमच म्हणतात, पण त्या दिवशीचं मॅडम निराळं होतं. ते तिच्या शेजारी हातभर अंतरावर पडले. मैदान शांत होतं. योगिनीनं नेम धरला, श्वास बसला.

‘हं.’ गोळी मधोमध.

‘हं.’ गोळी मधोमध.

मॅगझिन रिकामं होईपर्यंत तेच. उस्ताद उठले, कपड्यांची माती झटकली आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर हसू होतं. ‘बघितलं? एक शब्द बोललो नाय. तरी सगळ्या मधात.’

अमोल बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

‘उस्ताद,’ मी म्हटलं, ‘तुम्ही प्रत्येक गोळीला म्हणालात.’

‘खोटं.’

‘खरंच म्हणालात.’

त्यांनी योगिनीकडे पाहिलं. ‘पोरी, तू सांग.’

योगिनी अजून मातीतच पडलेली होती. तिनं वर न बघता सांगितलं, ‘म्हणलात, उस्ताद. म्हणून तर लागली.’

उस्ताद जागच्या जागी खाली बसले. त्यांनी एक बोट कानात घातलं, काढलं, मग दुसऱ्या कानात घातलं. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता आणि तो सगळ्या मैदानाला ऐकू जात होता. आपल्या माणसाचं असं सर्वांसमोर होताना बघणं वाईट असतं, आणि ते मी घडवून आणलं होतं. मी पोरांना चहाला पाठवून दिलं. उस्ताद बराच वेळ तसेच बसून होते, आणि मी त्यांच्याजवळ गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते पाण्याची बाटली घेऊन आले. मला वाटलं, ऊन वाढलंय म्हणून. योगिनी पडली, हे शेजारी पडले, बाटलीतून मोठा घोट घेतला आणि गाल फुगवून तसेच राहिले. मी खाली वाकून विचारलं, ‘हे काय?’

त्यांनी पाणी गिळलं. ‘तोंड मिटून भागत नाय. तो गळ्यातनं येतो आन मला कळत नाय. आता हं कराया गेलो का पाणी नाकात जाईल. तवा तरी कळंल.’

आणि तसंच झालं. योगिनीची नळी स्थिर झाली, उस्तादांच्या गळ्यानं सवयीनं उचल खाल्ली, पाणी नाकातोंडातून उडालं आणि ते खोकत बसले. पोरं हसली. योगिनीही हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला हसण्याजोगं यात काही नाही. पुन्हा घोट, पुन्हा नेम, पुन्हा खोकला. त्या सकाळी निम्मी बाटली मातीत गेली.

त्यापुढचे दिवस म्हणजे नुसता वैताग होता. उस्ताद हळूहळू गप्प राहायला शिकले, पण योगिनीच्या गोळ्या सैरावैरा. ती वाट बघायची, श्वास संपायचा, मग हिसडा. उस्ताद शेजारी फुगलेल्या गालांनी पडून बघत असायचे. त्यांना सगळं दिसायचं, बोट, डोळा, मान, आणि बोलता काही यायचं नाही. मीच मग एक नियम केला. ‘श्वास संपला की मारायचं नाही,’ मी तिला सांगितलं. ‘रायफल खाली ठेव. श्वास घे. परत उचल. दिवसभरात एकही गोळी नाही मारलीस तरी चालेल, पण हिसडून मारायची नाही.’ एक अख्खी सकाळ तिनं तशीच घालवली. उचल, ठेव, उचल, ठेव. बाकीची तुकडी मारून, पुंगळ्या वेचून, जेवायला गेली. मला भूक लागली होती, ऊन डोक्यात जात होतं, आणि या बाईची मुलगी जाळीतून हात घालते हे मला माहीत नसतं तर मी केव्हाच शिटी वाजवली असती.

उस्ताद हलले नाहीत. त्यांचं वय काय, आणि त्या दगडगोट्यांत पोटावर पडून राहायचं काय. मधे मी म्हटलं, तुम्ही सावलीत बसा, मी आहे. त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

मग एकदा गोळी सुटली. योगिनी स्वतःच दचकली. ‘मॅडम, गेली. मला कळलंच नाय कधी गेली.’

गोळी मधोमध नव्हती, बरीच डावीकडे होती. पण ती तिची होती. उस्तादांनी पाणी गिळलं आणि मातीत तोंड खुपसून पडून राहिले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. चक्कर आली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे साहेब आले, लाल झेंडा वर गेला, माझं डोकं दुखायला लागलं. आम्ही दोघं नेहमीप्रमाणे शेडमध्ये बसलो. तिथून गोळीबाराची रेषा इतकी लांब की पडलेली पोरं एकसारखी दिसतात. योगिनी डावीकडून तिसरी, एवढं मला माहीत होतं. साहेबांची शिटी झाली आणि पहिल्या गोळ्या सुटल्या. मी शेजारी पाहिलं तर उस्तादांचे गाल फुगलेले.

‘उस्ताद,’ मी म्हटलं, ‘इथून काही ऐकू जात नाही तिला. प्या ते पाणी.’

त्यांनी माझ्याकडे न बघता हात हलवला, गप्प बस म्हणून.

बाकीच्यांच्या गोळ्या धडाधड संपत होत्या. डावीकडून तिसरीची नळी एकदा खाली गेली. परत वर आली. पुन्हा खाली गेली. मी उठून उभी राहिले. गेली, मी मनात म्हटलं, ही थांबली, ही गेली. सिंधुबाईला मी काय म्हणून ‘लागेल’ म्हटलं होतं? मग नळी परत वर आली, आणि गोळी सुटली. थोड्या वेळानं दुसरी. मधलं अंतर सारखं नव्हतं, कधी लवकर, कधी उशिरा. कोणाच्या तरी तालावर सुटलेल्या गोळ्या अशा नसतात. तिची शेवटची गोळी सगळ्यांच्या नंतर, रिकाम्या मैदानात एकटीच वाजली. उस्ताद तोवर तसेच बसले होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी.

टार्गेटं मोजून झाली, साहेबांनी नावं वाचली, आणि थोड्या वेळानं योगिनी शेडकडे येताना दिसली. ती पळत नव्हती, चालत होती. मला तिच्या चालीवरून काही कळेना. जवळ येऊन ती म्हणाली, ‘पास झाले. काठावर, पण झाले.’ ती उस्तादांच्या पाया पडली. उस्तादांच्या तोंडात अजून पाणीच होतं, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘उस्ताद, राग धरू नका,’ ती म्हणाली, ‘पण आज मला तुमची आठवणच नाय आली.’

उस्ताद उठून कडुनिंबापाशी गेले, पाणी थुंकले, बाहीनं तोंड पुसलं. परत येऊन म्हणाले, ‘मला आजवर ह्याच्यापरीस चांगलं कोणी बोललं नव्हतं, पोरी. जा, आईला फोन कर.’ ती गेली, यावेळी पळत.

मला आनंद झाला होता. खूप दिवसांनी झाला होता, आणि तो मी जरा बसून उपभोगला असता, पण पुंगळ्या वेचायच्या होत्या. आम्ही दोघं गवतात उकिडवे बसलो. ऊन तिरपं झालं होतं. उस्तादांनी एक पुंगळी उचलली आणि हातातच धरून ठेवली.

‘उत्तरा, ती घोटीची पोरगी.’

‘हर्षाली.’

‘तिला परत घेत्याल?’

‘नाही. दोनदा नापास झालं की संपलं. तसा नियमच आहे.’

‘तिच्याजवळ तर मी लय पडून असायचो. लय हुशार म्हणून.’ त्यांचा हात गवतात थांबला. ‘आन जाताना तिला घाबरट म्हणलो.’

तुम्हाला माहीत नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं, पण त्याचा हर्षालीला काही उपयोग नव्हता, म्हणून मी म्हटलं नाही. आणि तिच्याआधीचे कितीजण, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

‘कुठं असती ती आता?’

‘घोटीच्या बाजारात तांदळाच्या एका दुकानात बसते म्हणे.’

‘रविवारी जाऊ. तिला सांगाया पायजे, की ती घाबरट नव्हती.’ त्यांनी पुंगळीवरची माती अंगठ्यानं पुसली. ‘पण तूच सांग. मला नाय बोलता यायचं.’

‘मी येईन,’ मी म्हटलं. ‘पण सांगायचं तुम्हीच. आणि बाटली घरी ठेवून यायची.’

त्यांनी मान हलवली, हातातली पुंगळी माझ्या डब्यात टाकली आणि पुढच्या गवताकडे सरकले.